इंटरव्ह्यूचे तेच तेच प्रश्न, उत्तरं पाठ करून जाऊ का?

डिस्पॅचवाली

नमस्कार मंडळी, पुढच्या आठवड्यात इंटरव्ह्यू आहे, वेअरहाऊसला डिस्पॅच सुपरवायझरची जागा आहे. मी डिस्पॅचलाच क्लार्क होते चार वर्षं, मग घरात आजारपण निघालं म्हणून नोकरी सोडली आणि साधारण वर्षभराचा गॅप पडलाय. कामाची भीती नाही, ते झोपेतून उठवलं तरी येईल. भीती आहे ती ठरलेल्या प्रश्नांची, म्हणजे स्वतःबद्दल सांगा, तुमची वीकनेस काय, तुम्हालाच का घ्यावं, पाच वर्षांनी कुठे असाल, आधीची नोकरी का सोडली, पगार किती पाहिजे. नेटवर याची उत्तरं ढिगाने पडलीयेत, वाचताना भारी वाटतात पण आरशासमोर म्हणायला गेलं की मलाच हसू फुटतं, भलतंच कुणीतरी बोलतंय असं वाटतं.

पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर सध्या असं आहे: "माझं नाव अमुक तमुक, शिक्षण कॉमर्समधून झालं, मी मेहनती आणि प्रामाणिक आहे, टीममध्ये काम करायला आवडतं, नवीन गोष्टी पटकन शिकते आणि प्रेशरमध्येही शांत राहते. संधी मिळाली तर शंभर टक्के देईन."

चालेल का हे? खरं खरं सांगा. आणि बाकीची पाठ करू की तिथे जे सुचेल ते बोलू?

आडवाप्रश्न

खरं सांगू का, नाही चालणार. म्हणजे यावर कुणी तुला हाकलणार नाही, पण लक्षातही ठेवणार नाही.

मी पॅनेलवर बसतो, एचआरचा नाही, ऑपरेशन्सचा. एक साधी टेस्ट कर, तुझ्या उत्तरातली एकेक ओळ घे आणि बघ की तुझ्या आधी आत गेलेला आणि तुझ्यानंतर जाणारा माणूस तीच ओळ म्हणू शकतो का. मेहनती, प्रामाणिक, टीम, प्रेशर, सगळे म्हणतात गं. दुपारपर्यंत ते शब्द कानावरून नुसते जातात. आणि जे एकमेव कारण आहे तुला बोलवायचं, की तू डिस्पॅचच्या टेबलावर चार वर्षं बसलीयेस, ते तुझ्या उत्तरात कुठेच नाहीये!

अजून एक आतली गोष्ट सांगतो. "स्वतःबद्दल सांगा" हा प्रश्न बऱ्याचदा आम्ही स्वतःसाठी विचारतो. समोरचा आधीच्या मीटिंगमधून धावत आलेला असतो, तुझा रेझ्युमे तेव्हाच उघडत असतो आणि त्याला दीड-दोन मिनिटं हवी असतात. म्हणून तिथे जन्मापासून सुरू करू नको, नाव आणि शिक्षण त्याच्या पुढ्यात छापलेलं आहेच. तुझं सध्याचं काम काय, त्यात काय बरं केलंस, आणि ही जागा का, एवढ्यात उरक. आणि त्यात एखादी गोष्ट अशी टाक की त्यानं पुढचा प्रश्न त्याच्यावरच विचारावा. इंटरव्ह्यू कुठल्या रस्त्याने जाणार हे बऱ्यापैकी या पहिल्या उत्तरावर ठरतं, लोक ही संधी "मला वाचनाची आवड आहे" वर घालवतात.

तर आता सांग, त्या चार वर्षांत तू असं काय केलंस जे कुणी सांगितलं नव्हतं?

गुपचूपवाचक

मी तर पाठ करूनच जातो बुवा. न पाठ करता गेलो की तोंडच उघडत नाही. तत्त्वज्ञान सांगणाऱ्यांना घाम फुटत नसेल, मला फुटतो.

आडवाप्रश्न

@गुपचूपवाचक घाम सगळ्यांनाच फुटतो रे, आमच्या बाजूलाही. पाठ करायला ना नाही, पण वाक्यं पाठ केलीस की एक शब्द निसटला की पुढचा सगळा डबा रुळावरून उतरतो, शिवाय प्रश्न थोडा फिरवून विचारला तरी तू तेच छापील उत्तर देतोस आणि ते लगेच कळतं. प्रसंग पाठ कर. चार-पाच प्रसंग, प्रत्येकाचे तीन-चार ठिपके, बस. वाक्यं तिथे तयार होऊ देत.

डिस्पॅचवाली

न सांगता केलेलं... एक आहे पण फार छोटं आहे. आमच्याकडे दोन साइजचे एकसारखे दिसणारे बॉक्स एकाच रॅकला असायचे, लेबल पण जवळजवळ सारखं, फक्त कोडचा शेवटचा आकडा वेगळा. घाईत चुकीचा बॉक्स गाडीत जायचा आणि मग रिटर्न यायचा, ग्राहकाचा फोन, परत गाडी. मी रिटर्नच्या चिठ्ठ्या चाळल्या तर बहुतेक त्या दोन कोडच्याच होत्या. मग मी एक साइज दुसऱ्या रॅकला हलवायला लावली आणि तिला रंगीत टेप चिकटवली. लोडिंगवाले आधी कुरकुरले कारण त्यांना चालायला जास्त लागायचं. नंतर त्या दोन कोडचे रिटर्न जवळपास बंदच झाले. पण हे काय सांगायचं, टेप चिकटवली म्हणून?

आडवाप्रश्न

अगं हेच सांगायचं!! तू सुपरवायझरच्या जागेला चाललीयेस आणि या एका प्रसंगात चार गोष्टी आहेत: रोजची कटकट सहन करत बसण्यापेक्षा कारण शोधलंस, चिठ्ठ्या काढून बघितल्यास म्हणजे अंदाजावर गेली नाहीस, तुझ्या हाताखाली नसलेल्या लोकांकडून बदल करून घेतलास, आणि परिणाम दिसला. "मी प्रॉब्लेम सॉल्व्हर आहे" असं शंभर वेळा म्हणालीस तरी एवढं पोचणार नाही.

स्टार पद्धत म्हणतात ती ऐकली असशील, सिच्युएशन, टास्क, अ‍ॅक्शन, रिझल्ट. चांगली आहे, पण लोक पहिल्या दोनमध्येच अडकतात, कंपनी कशी होती, गोदाम किती मोठं, मॅनेजर कसा, आणि अ‍ॅक्शनला येईपर्यंत वेळ संपते. परिस्थिती दोन वाक्यांत संपव. सगळ्यात जास्त वेळ तू स्वतः काय केलंस त्याला दे, आणि तिथे सगळं "आमच्या टीमने" वर ढकलू नको. नम्रपणा म्हणून लोक तसं बोलतात आणि पॅनेलला कळतच नाही की या बाईने केलं काय, टीमला तर आम्ही घेत नाहीयोत ना.

आता पहिलं उत्तर मी असं लावेन, शब्द तुझे कर:

"मी चार वर्षं डिस्पॅच क्लार्क होते, रोजचं गाड्यांचं प्लॅनिंग, पिकिंग लिस्ट आणि रिटर्नची नोंद माझ्याकडे होती. रिटर्न कुठून येतात हे शोधायची मला सवय लागली, एकदा नुसती रॅकची मांडणी बदलून दोन आयटमचे चुकीचे डिस्पॅच जवळपास बंद केले. त्यानंतर घरच्या कारणाने वर्षभर थांबले होते, ते आता संपलंय. हीच कामं आता पूर्ण शिफ्टची जबाबदारी घेऊन करायचीयेत म्हणून इथे अर्ज केला."

मोठ्याने वाच, मिनिटही लागत नाही. आणि मी पैज लावतो पुढचा प्रश्न रॅकवर येणार.

चारोटा

@डिस्पॅचवाली यात एखादी टक्केवारी टाक ना, "रिटर्न ६० टक्क्यांनी घटवले" वगैरे. आकडा असला की इम्प्रेशन पडतं, कोण तपासायला जातंय.

सावलीतला_एचआर

अहो चारोटा, असले सल्ले देऊ नका. आकडा तपासत नाहीत हे खरं, पण आकड्यावर प्रश्न विचारतात. "६० टक्के कसे मोजलेत, किती महिन्यांचे?" एवढं विचारलं की माणूस अडखळतो आणि मग त्याची आधीची खरी उत्तरंही संशयाने ऐकली जातात. मोजलेलं नसेल तर जे डोळ्यांनी दिसलं ते सांगावं, "आधी दर आठवड्याला या दोन कोडचे बॉक्स परत यायचे, नंतर क्वचित", हेही पुरेसं ठोस आहे.

डिस्पॅचवाली, मी एचआरमध्ये आहे म्हणून थोडी दुसरी बाजू सांगतो. सगळ्यांना तेच तेच प्रश्न का विचारतात, आळस म्हणून का, तर थोडा आळस आहेच. पण चांगल्या ठिकाणी ते मुद्दाम असतं, प्रत्येकाला तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि प्रत्येक उत्तराला ठरलेल्या निकषावर गुण. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर यांनी निवडीच्या पद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला होता, त्यातही असा बांधीव इंटरव्ह्यू नुसत्या गप्पांच्या इंटरव्ह्यूपेक्षा सरस निघाला होता. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ते आकडे पुन्हा तपासले तेव्हा बांधीव इंटरव्ह्यूचा पुढच्या कामाशी संबंध ०.४२ आणि गप्पांवाल्याचा ०.१९ आला, १ म्हणजे तंतोतंत जुळणं. म्हणजे सगळ्यात चांगली पद्धतसुद्धा खूप काही सांगत नाही, हे रिजेक्ट झालेल्यांनी पण लक्षात ठेवायला हरकत नाही. आणि ते कोड्यांचे प्रश्न, विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील छापाचे, ते वेळेचा अपव्यय आहेत असं गूगलच्याच लास्लो बॉक यांनी २०१३ मध्ये जाहीर सांगितलं, तेव्हा ते तिथल्या पीपल ऑपरेशन्सचे प्रमुख होते. तरी काही पॅनेलवाल्यांना ती हौस असतेच.

तुमच्यासाठी याचा अर्थ इतकाच की समोरचा लिहून घेतोय. त्याच्या कागदावर "बदल घडवला का, उदाहरण?" असा रकाना असेल तर त्यात लिहायला त्याला काहीतरी द्या. विशेषणं त्या रकान्यात लिहिता येत नाहीत.

आता तुमचा गॅप. एक वाक्य: "घरी आजारपण होतं, माझी गरज होती, आता तो प्रश्न सुटलाय आणि मी पूर्ण वेळ उपलब्ध आहे." पूर्णविराम. कोण आजारी, काय आजार, ऑपरेशन कुठे झालं, काही सांगायची गरज नाही आणि सांगायला लागलात की आवाज बदलतो, मग तो सगळा इंटरव्ह्यू त्या दिशेने जातो. त्यांना खरी काळजी एवढीच असते की हे परत उद्भवेल का आणि तुमचा हात सुटला का. दुसऱ्या भागासाठी गॅपमध्ये काही शिकला असाल, एक्सेल म्हणा, इन्व्हेंटरीचं एखादं सॉफ्टवेअर म्हणा, तर जोडा. नसेल तर उगाच कोर्स शोधून आणू नका. आणि तारखा मागेपुढे करून गॅप बुजवू तर अजिबात नका, रेफरन्स चेकमध्ये पहिली गोष्ट तारखाच जुळवतात.

डिस्पॅचवाली

बाप रे, थँक्यू सगळ्यांना. गॅपचं एका वाक्यात संपवता येतं हे डोक्यातच आलं नव्हतं, मी तर पूर्ण कहाणी लिहून ठेवली होती. आता वीकनेस. मी लिहिलंय "मी परफेक्शनिस्ट आहे". हसू नका.

गुपचूपवाचक

हसलो.

आडवाप्रश्न

मी नाही हसलो, मी जांभई दिली. कुणीतरी सांगून ठेवलंय की स्ट्रेंग्थ उलटी करून वीकनेस म्हणून द्यायची, आणि सगळे तेच करतात. खरी वीकनेस सांग, पण ज्यावर काही करतेयस अशी. तुझी खरी कोणती?

डिस्पॅचवाली

खरी म्हणजे... दुसऱ्याला काम सांगून तो ते सावकाश करत बसला की मला बघवत नाही, मी स्वतःच उठून करून टाकते.

आडवाप्रश्न

झकास, हेच सांग. खरी वाटते कारण खरी आहे.

सावलीतला_एचआर

थांबा थांबा. क्लार्कच्या जागेसाठी चाललं असतं, सुपरवायझरसाठी नाही! सुपरवायझरचं कामच मुळात दुसऱ्याकडून करून घेणं आहे. ही वीकनेस सांगणं म्हणजे मला हे पद झेपणार नाही असं सांगणं झालं. खरेपणा पाहिजेच पण जागेच्या गाभ्यावर बोट ठेवणारी कमतरता निवडू नये, तेवढी निवड करायचा हक्क उमेदवाराला आहे.

आडवाप्रश्न

नाही पटलं. मी तर या उत्तराला जास्त गुण देईन, अट एवढीच की पुढचा भाग आला पाहिजे. क्लार्कवरून सुपरवायझर होणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हाच त्रास होतो, आणि जी स्वतःहून ओळखून येते तिला शिकवायला सोपं जातं. "आधी उठून स्वतः करायचे, मग लक्षात आलं की त्याने समोरचा शिकत नाही, म्हणून नव्या मुलाला एका गाडीची लिस्ट पूर्ण देऊन मी शेवटी फक्त तपासायला जायचे" असं काही घडलेलं असेल तर. घडलेलं नसेल तर मात्र एचआर साहेबांचं ऐक.

सावलीतला_एचआर

पॅनेलवर तुम्ही असाल तर ठीक, दुसरा कुणी असेल तर तो पहिलं वाक्य लिहून घेईल आणि दुसरं ऐकणार नाही. मी असताना हे होताना बघितलंय. मी सांगेन की जपून खेळा, ईमेल लांबलचक लिहिते, मीटिंगमध्ये पटकन बोलत नाही, यातलं जे खरं असेल ते घ्या आणि त्यावर काय करता ते सांगा.

डिस्पॅचवाली

नव्या मुलाचं झालंय खरंच, शेवटच्या वर्षी दोघांना शिकवलं होतं, एकाला तर नंतर पूर्ण सकाळची शिफ्ट दिली. विचार करते कुठलं सांगायचं. पगाराचं काय करू? आधीचा पगार कमी होता, तो सांगितला तर त्याच्यावरच थोडं वाढवून देतील.

सावलीतला_एचआर

आधी विचारायचं, "या जागेसाठी तुमची रेंज काय ठरलीय?" बऱ्याचदा सांगतात. नाही सांगितली तर तुम्ही रेंज द्या, पण खालचा आकडा असा ठेवा की तेवढाच मिळाला तरी तुम्ही जॉईन व्हाल, कारण बहुतेक वेळा तोच उचलला जातो. त्यासाठी अशा जागांना सध्या काय मिळतं ते आधी चार जाहिराती बघून काढून ठेवा.

जुन्या पगाराचा प्रश्न काही ठिकाणी कायद्यानेच बंद आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने २०१६ मध्ये कायदा केला आणि २०१८ पासून तो लागू झाला, कॅलिफोर्नियातही २०१८ पासून बंदी आहे, युरोपियन युनियनच्या २०२३ च्या वेतन पारदर्शकतेच्या निर्देशातही उमेदवाराला आधीचा पगार विचारायचा नाही असं आहे. कारण तुम्ही म्हणताय तेच, एकदा कमी मिळाला की जन्मभर कमीच मिळत राहतो. जिथे असा कायदा नाही तिथे विचारतील, तेव्हा खोटा आकडा सांगू नका, पगाराची स्लिप मागतात. म्हणा की "तो क्लार्कच्या जागेचा पगार होता, या जागेची जबाबदारी वेगळी आहे म्हणून मी या कामाच्या हिशोबाने बोलतेय."

चारोटा

आणि पाच वर्षांनी कुठे? मी एकदा "तुमच्या खुर्चीत" म्हणालो होतो.

आडवाप्रश्न

😂 मग?

चारोटा

मग काय, अजून इथेच आहे, फोरमवर.

आडवाप्रश्न

त्या प्रश्नाला कुणी ज्योतिष मागत नाही. तू सहा महिन्यांत निघून जाशील का, आणि या कामात तुला पुढे काही करायचंय का, एवढंच बघतात. "आधी एक शिफ्ट नीट चालवायची, मग दोन-तीन शिफ्टचं प्लॅनिंग हातात घ्यायचं" एवढं पुरे. "तुम्हालाच का घ्यावं" त्याला जाहिरात समोर घेऊन बस, त्यात ज्या दोन गोष्टी सगळ्यात वर किंवा दोनदा लिहिल्या असतील त्या उचल आणि प्रत्येकीला तुझा एक प्रसंग जोड. बाकीच्या उमेदवारांशी तुलना करू नको, तू त्यांना बघितलेलंच नाहीस.

डिस्पॅचवाली

शेवटचा प्रश्न, मग त्रास देत नाही. "तुमच्यापेक्षा जुना माणूस तुमच्या हाताखाली आहे आणि ऐकत नाही, काय कराल" असं विचारलं तर? मला माहितीये की हे विचारणारच, ही जागा तशीच आहे.

आडवाप्रश्न

हा "काय कराल" वाला प्रश्न, यात लोक एकतर "मी प्रेमाने समजावेन" म्हणतात नाहीतर थेट "वॉर्निंग देईन". मला ऐकायचं असतं की तू आधी काय शोधशील. ऐकत नाही म्हणजे नेमकं काय, लिस्ट उशिरा घेतो, की चारचौघांत उलट बोलतो, की तुझी सूचनाच चुकीची आहे हे त्याला दिसतंय? तिसरं असू शकतं बरं का, जुन्या माणसाला तुझ्यापेक्षा रॅक जास्त माहीत असतात. तर सांग की बाजूला घेऊन बोलेन, चारचौघांत नाही, त्याचं म्हणणं ऐकेन, त्यात तथ्य असेल तर पद्धत बदलेन, नसेल तर काय अपेक्षित आहे आणि कधीपर्यंत ते स्पष्ट सांगेन, नोंद ठेवेन आणि तरी फरक पडला नाही तर मॅनेजरकडे जाईन. सेफ्टीचा विषय असेल, म्हणजे फोर्कलिफ्टच्या वाटेत उभं राहणं वगैरे, तर मात्र हे सगळं टप्प्याटप्प्याने नाही, तिथल्या तिथे काम थांबवायचं. हे शेवटचं वाक्य नक्की बोल, अर्धे उमेदवार विसरतात.

आणि इथे तुझ्या लोडिंगवाल्यांची कुरकुर वापर की! त्यांना चालायला जास्त लागत होतं तेव्हा तू त्यांना कसं पटवलंस? आठवून ठेव, कारण "कराल" वरून "कधी केलंय का" वर यायला आम्हाला दोन सेकंद लागतात.

डिस्पॅचवाली

रिटर्न आलेला माल परत उतरवायला त्यांनाच लागायचा, ते दाखवलं त्यांना. मग गप्प झाले.

आडवाप्रश्न

बघ, आलं ना उत्तर. पाठ केलं होतंस का हे?

सावलीतला_एचआर

दोन किरकोळ गोष्टी. प्रश्न कळला नाही तर परत विचारा आणि उत्तर सुचायला वेळ लागला तर "एक मिनिट विचार करते" म्हणून गप्प बसा, ती शांतता तुम्हाला वाटते तेवढी लांब नसते. शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का" म्हणतील तेव्हा "नाही" म्हणू नका. ही जागा नवीन आहे की कुणी सोडून गेलं, शिफ्टला माणसं किती, आणि पहिल्या तीन महिन्यांत या माणसाने काय सुधारलेलं तुम्हाला बघायचंय, हे विचारा. तिसऱ्याचं उत्तर नीट ऐका, तिथे त्यांचं खरं दुखणं बाहेर येतं आणि त्यावर तुमच्याकडे प्रसंग असेल तर तेव्हाही सांगता येतो, उशीर झालेला नसतो.

आणि रेफरन्स म्हणून जुन्या मॅनेजरचं नाव देणार असाल तर त्यांना आजच फोन करून कळवा, कुठली जागा आहे ते सांगा आणि रॅकची आठवण करून द्या.